टेकडीसमोर तीन पायांवर

टक्. असा तो आवाज होता. कडक उन्हात रबराच्या झाडावरचं बोंड तडकतं आणि त्यातली बी लांब उडून पत्र्यावर पडते. सुताराच्या पडवीत मी अजून सुटे दांडकेच होतो, तेव्हा ऐकलेला तो पहिला आवाज. एकदा टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. सुतार रंधा थांबवून ऐकायचा आणि म्हणायचा, "आज ऊन चांगलंय. लाकूड वाळेल." दिवसभरात तो तेवढंच बोलायचा.

मी एक स्टँड बोलतोय. ज्यावर कॅमेरा ठेवतात तो, तीन पायांचा, लाकडी. माझं बोलणं जरा सावकाश आहे. शाळा मी फक्त फोटोत पाहिली, मुलांच्या रांगांसमोर उभं राहून. त्यामुळे जसं घडलं तसंच सांगता येतं मला.

माझं लाकूड चेंगलचं. इथल्या मलय रानातलं जड, काळसर लाकूड. पाण्यात टाकलं तर बुडतं. सुतारानं त्याचे तीन पाय केले, प्रत्येकाला पितळेचा स्क्रू आणि खाली लोखंडाचं टोक दिलं. कथलाच्या खाणीवर एक मोजणीदार होता, त्याच्यासाठी मला बनवलं होतं. तो माझ्या डोक्यावर दुर्बीण ठेवून एक डोळा मिटायचा आणि चिखलात पाय रोवून तासन्‌तास बघायचा. मीही पाय रोवून उभा राहायचो. पुढे कथिल संपलं, खाणी बंद पडल्या, खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली. मोजणीदार इपोह शहरात मुलाकडे गेला आणि जाताना मला लियाव फोटोवाल्यांच्या दारात ठेवून गेला.

लियाव म्हाताऱ्यानं मला पुसलं, तेल लावलं आणि त्याच्या मोठ्या पेटीसारख्या कॅमेऱ्याखाली उभं केलं. तिथं मी माणसं पाहिली. फोटो काढायचा म्हटलं की पुरुष पोट आत घेतो आणि बाई केसांवरून हात फिरवते. हसा म्हटलं की दोघं श्वास धरतात. लग्नाच्या फोटोत नवरा नवरीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मला फार वाईट वाटायचं त्यांचं, इतके घाबरलेले असायचे.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. म्हातारा लियाव वारला. त्याची मुलगी सिउ-लान हिनं दुकान चालू ठेवलं, पण तिनं एक काळा, हलका स्टँड आणला, एका हातात मावणारा. मला मागच्या खोलीत नेलं. माझ्या डोक्यावर एक टेबलफॅन बांधला. अकरा वर्षं मी तो फॅन डोक्यावर घेऊन उभा होतो. तो इकडून तिकडे मान हलवायचा, मी हलायचो नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उकाडा सगळ्यांनाच होतो.

एका दुपारी चिन यून-कोंग दुकानात आला.

तुम्ही त्याला ओळखत नाही. बहात्तर वर्षांचा, आयुष्यभर लॉरी चालवलेला, डावा गुडघा गेलेला. त्याच्या हातात सरकारी कागद होता. थडग्यांच्या टेकडीच्या आग्नेयेकडच्या उतारावरून नवा रस्ता जाणार होता. ज्याचं थडगं असेल त्यानं महिनाअखेरीपर्यंत दगडावरचं नाव, नंबर आणि फोटो कचेरीत द्यायचा. मग हाडं काढून रांजणात घालून नव्या जागी नेतील. ज्यांचं कोणी येणार नाही त्यांना एकत्र एका खड्ड्यात.

"कोंग अंकल, तुमच्या आईचं आहे ना तिथं? फोटो काढायचाय का?" सिउ-लाननं विचारलं.

"आहे. पण कुठाय ते माहीत नाही."

"म्हणजे? दर वर्षी छिंगमिंगला, थडगी झाडायच्या सणाला, तुम्ही जाता की. परवाच गेला होतात."

"गेलो होतो." तो स्टुलावर बसला. "तिथं कचेरीचा माणूस दगडांवर नंबर रंगवत होता. मला म्हणाला, वोंग घराण्यातली बाई तुमची कोण? मी म्हटलं, वोंग नाही, चिन. माझी आई आहे. तो म्हणाला, अंकल, दगडावर वोंग लिहिलंय."

सिउ-लाननं त्याच्या हातातला कागद घेऊन वाचला.

"अडतीस वर्षं," तो म्हणाला. "अडतीस वर्षं मी दुसऱ्याच्या आईला भात घालतोय."

हे कसं झालं ते त्यानं थांबत थांबत सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. अकराव्या वर्षी तो गाव सोडून सिंगापूरला गोदीवर गेला. चौतिसाव्या वर्षी परत आला तेव्हा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. भावानं पडल्या पडल्या सांगितलं, दोन दगडी सिंहांच्या वरच्या बाजूला, चाफ्याखाली. हा वर गेला, सिंह सापडले, चाफा सापडला, चाफ्याखाली थडगं सापडलं. झालं. पण टेकडीवर चाफा कुठं कमी आहे, आणि सिंह तरी काय एकाच श्रीमंतानं बसवलेत? भाऊ आठ दिवसांत गेला. कोंगला चिनी अक्षर येत नाही. त्याची बायको थायलंडच्या सीमेवरची होती, तिलाही नाही. मुलगा मलय शाळेत शिकला. घरात वाचणारं कोणीच नव्हतं. तो दर वर्षी गवत काढायचा, दगड धुवायचा आणि लाल रंगाचा ब्रश घेऊन कोरलेल्या अक्षरांवरून हात फिरवायचा. फार नीट, रेघेबाहेर जाऊ न देता. परक्या बाईचं नाव तो आई समजून गिरवत होता.

"आणि ती अडतीस वर्षं तशीच," तो म्हणाला. "ना भात, ना दिवा. आता तर खड्ड्यात टाकतील. मला मरायची भीती नाही, आह लान पोरी, पण वर गेल्यावर ती विचारेल ना, तू होतास कुठं?"

थडग्यांचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. उतारावर चार हजार थडगी. गावातल्या चिनी संघाची माणसं दोन रविवार कोयते घेऊन चढली होती, पण कमरेएवढ्या गवतात आणि सापकिरडांत त्यांची तीनशेच पाहून झाली. महिना संपायला एकोणीस दिवस.

सिउ-लान बराच वेळ दाराबाहेर बघत होती. दुकानाच्या दारातून पाण्याची टाकी दिसते, तळ्याच्या अलीकडे, काँक्रीटच्या उंच खांबांवर.

"अंकल, आपली माणसं थडगं कुठं तोंड करून बांधतात?"

"पाठीला डोंगर, समोर पाणी. लहान पोरालाही माहीत असतं."

"म्हणजे त्या उतारावरची सगळी तळ्याकडे तोंड करून. म्हणजे टाकीकडे तोंड करून. चार हजार लोक रोज टाकीकडे बघत बसलेत आणि आपण त्यांच्या पाठीमागं गवतात शोधतोय."

असं ते सुरू झालं.

फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे मला म्हाताऱ्याकडूनच माहीत होतं. त्याची मुलगी तर त्याच्यापेक्षा हट्टी. एकाच फोटोत सगळी टेकडी घेतली असती तर दगड तिळाएवढे दिसले असते. तिला अक्षरं वाचायची होती. म्हणून लांबचं जवळ दाखवणारं मोठं भिंग लावून टेकडीचे तुकडे तुकडे करून फोटो काढायचे आणि मग जोडायचे. तिनं वहीत आडव्या-उभ्या रेघा मारल्या. उभ्या ओळीत पाच, अशा एकतीस ओळी. एकशे पंचावन्न फोटो. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा शेजारच्यावर चढलेला, कौलं एकमेकांवर चढवतात तसा. मध्ये फट राहिली तर नेमकी तिथंच कोणाची तरी आई राहून जायची.

ती टाकीवर चढली ती नुसती बघायला. टाकी सांभाळणारा पाक दाउद हा साठीचा मलय गृहस्थ. पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं.

"आमोई, पोरी, या टाकीवर आजवर दोनच जण चढलेत. मी आणि माकडं. तू कोणाकडून आलीस?"

"माकडांकडून," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तुम्ही चांगले आहात."

त्यानं तिला वर जाऊ दिलं.

सकाळी आठपर्यंत तळ्यावर धुकं. नऊनंतर उतार तापतो, हवा भांड्यातल्या पाण्यासारखी हलायला लागते आणि लांबची अक्षरं पोहायला लागतात. म्हणजे मधला एकच तास. त्या तासात सूर्य उजव्या बाजूनं, खालून येतो. ऊन दगडावर तिरपं पडतं आणि कोरलेल्या प्रत्येक रेघेत काळी सावली भरते. रंग उडालेलं अक्षरही तेव्हा वाचता येतं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तोच दगड कोरा दिसतो. हे सगळं तिनं वहीत लिहिलं. वेळ तर फार छान जमली होती.

पाक दाउद तिच्यासाठी कॉफी घेऊन वर आला आणि पेला कठड्यावर ठेवला. सिउ-लान पेल्याकडे बघत राहिली. कॉफीवर बारीक बारीक वर्तुळं उठत होती.

"पाक दाउद, हे काय?"

"कॉफी."

"हलतेय का?"

"पंप चालू आहे. सात ते नऊ. रोज. त्याशिवाय बाजाराला पाणी कसं जाईल?"

माणसाला ते हलणं जाणवतही नव्हतं. पण एवढ्या मोठ्या भिंगाला ते भूकंपासारखं. वर तिचा काळा हलका स्टँड जराशा वाऱ्यातही कुजबुजायला लागला, चिमटीत धरलेल्या तारेसारखा.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत आली आणि फॅन काढून खाली ठेवला. मला आधी कळलंच नाही. डोकं एकदम हलकं झालं. तिनं माझ्या पायावरून हात फिरवला, कोळ्याचं जाळं काढलं, आणि स्वतःशीच म्हणाली, "बाबा म्हणायचे, लाकूड थरथर पिऊन टाकतं."

तिनं स्क्रूंना तेल दिलं. एका पायाला चीर गेली होती, तिथं तार गुंडाळली. मी त्या दिवशी किती ताठ उभा होतो ते कोणी पाहिलं नाही, ते बरंच झालं. म्हाताऱ्यानं असा गर्व करू नये.

पंपाचं काम कॅमेऱ्यापेक्षा अवघड होतं, त्यात दहा-बारा दिवस गेले.

"चाळीस मिनिटं बंद ठेवायचा," सिउ-लान म्हणाली.

"आणि बायका माझ्या घरावर हंडे घेऊन आल्या की?"

"त्यांना सांगा, मेलेल्या लोकांचं काम आहे."

"मेलेल्यांना काय घाई? चाळीस वर्षं पडून आहेत. जिवंत लोक वाट बघत नाहीत, हा त्यांचा गुण नाही."

कोंग अंकल खाली शिडीच्या पायथ्याशी बसला होता. त्याचा गुडघा वर चढू देत नव्हता. तो तिथूनच म्हणाला, "पाक दाउद, तुमची आई कुठं पुरलीय?"

"मशिदीमागं. फणसाजवळ, डावीकडून तिसरी."

"तुम्हाला माहीत आहे," कोंग म्हणाला.

पाक दाउद खांद्यावरच्या फडक्यानं उगाच मान पुसत राहिला. मग म्हणाला, "पन्नास मिनिटं. आणि हे चौकशीला आलं तर मी आजारी होतो."

मला दोरीनं बांधून वर ओढलं. पाक दाउद वरून ओढत होता आणि धापा टाकत होता. "काय वजन आहे. यात कोणी माणूस तर बांधला नाही ना?" गोष्ट खरी आहे, मी हलका नाही. त्यासाठीच तर नेत होते.

पहिल्या सकाळी धुकं हललं नाही. नऊ वाजले तरी टेकडी दुधात बुडालेली. पंप थांबवायची वेळच आली नाही, आम्ही उतरलो. दुसऱ्या सकाळी तेच, वर पाऊस. कोंग दोन्ही दिवस पायथ्याशी बसून होता. काही विचारायचा नाही. उतरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग आपल्या हातांकडे. आता महिन्याचे चारच दिवस उरले होते.

तिसऱ्या सकाळी आठला पाच कमी असताना धुकं तळ्यावरून उठलं, जसं कोणी चादर घडी करून उचलावी. ऊन उतारावर तिरपं आलं आणि चार हजार दगड एकदम उजळले. पाक दाउदनं खाली जाऊन खटका ओढला. टाकीतली घरघर थांबली. माझ्या पायांखालची जमीन पहिल्यांदा जमिनीसारखी झाली.

सिउ-लाननं माझ्या मधोमध दगडांची पिशवी टांगली. एकदा भिंग फिरवून अक्षरं स्पष्ट केली, आणि ते पुन्हा फिरू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावली. उजेडाचं मापही एकच ठेवलं. ते दर फोटोला बदललं तर जोडल्यावर चित्र गोधडीसारखं ठिगळठिगळ दिसतं. मग सुरुवात केली. वरून खाली पाच. एक घर उजवीकडे. पुन्हा वरून खाली पाच. प्रत्येक वेळी हात काढून घ्यायचा, श्वास मोजायचा आणि मगच तारेचं बटण दाबायचं. मी म्हणाल तर काहीच केलं नाही. मी हललो नाही, एवढंच.

बाराव्या ओळीत तिचा चेहरा एकदम उतरला. चित्र डुलत होतं.

"वारा नाही. पंप बंद आहे. मग काय हलतंय?"

ती खाली वाकली. माझ्या स्क्रूवर कॉफीची पिशवी लोंबत होती. इथं कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोरा बांधून देतात. पाक दाउदला हात मोकळे हवे होते.

"पाक दाउद, ती कॉफी काढा."

"मला वाटलं खुंटी आहे."

"तो बाबांचा स्टँड आहे."

"माफ करा हां," तो म्हणाला, आणि हे तो तिला नाही, मला म्हणाला. माझी कोणी माफी मागितल्याचं आठवत नाही त्याआधी.

बारावी ओळ पुन्हा काढली. एकोणिसाव्या ओळीला सूर्यावर ढग आला. ती थांबली. एक मिनिट, दोन, चार. पाक दाउदचा फोन वाजला. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "टाकीत बेडूक पडलाय. काढतोय. हो, मोठा आहे." फोन ठेवून म्हणाला, "माझीच बायको. तिच्याशी खोटं बोललो तुमच्यापायी. आता काढ लवकर." ढग सरकला. विसावी, एकविसावी. पन्नास मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि तो घड्याळाला पाठ करून उभा होता. एकतिसाव्या ओळीचा शेवटचा फोटो निघाला तेव्हा सिउ-लान माझ्या पायाला टेकून बसली आणि दोन मिनिटं उठली नाही.

पंप सुरू झाला. पाणी बाजाराकडे गेलं.

फोटो जोडायला यंत्राला पूर्ण एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी संघाच्या हॉलमध्ये पडदा लावला; त्याची एक दोरी खिडकीला आणि एक मला. म्हणून मी ते सगळं पाहिलं, जरा तिरकं, पण पाहिलं. पन्नासेक माणसं होती. फोटो आला की माणूस आधी स्वतःला शोधतो, हे मी दुकानात शिकलो होतो. त्या दिवशी सगळे दुसऱ्या कोणाला तरी शोधत होते. सिउ-लान चित्र सरकवायची, मोठं करायची, दगडावरचं नाव मोठ्यानं वाचायची. मध्येच कोणी उभं राहायचं. "थांब, थांब. तो आमचा." एक बाई रडली. एक म्हातारा म्हणाला, "बघा, यांच्यावर आंबा उगवलाय. जिवंत असताना एक आंबा दिला नाही कुणाला." लोक हसले.

चिन नावाची थडगी बासष्ट निघाली. कोंग शेवटच्या रांगेत बसला होता. अक्षरं येत नसताना तो पडद्याकडे असा बघत होता की जणू नुसत्या बघण्यानं ती येतील. चाळीस झाली. पन्नास. त्याचे ओठ हलत होते.

"चिन घराण्यातली," सिउ-लान वाचू लागली आणि थांबली. मग हळू म्हणाली, "थाम येन. अंकल, तुमच्या आईचं नाव. थाम येन."

तो उठला. पण पडद्यावर जे होतं ते पाहून तिथंच उभा राहिला.

भोवतीचं गवत कापलेलं होतं. पायरी झाडलेली होती. दगड धुतलेला, आणि त्याच्या कपाळावर, जिथं चिनी माणसं काहीच लावत नाहीत, तिथं पिवळा पट्टा आणि मधोमध लाल टिकली. वरून मोगऱ्याचा गजरा.

"ही हळद आहे," पाक दाउद मागून म्हणाला. आपल्या पन्नास मिनिटांचं काय झालं ते बघायला तो आला होता. "हे पाकियमचं काम. रबराच्या मळ्यातली तमिळ बाई. महिन्यातून एकदा चढते ती तिथं. मी टाकीवरून बघतो. मला वाटायचं बकरी शोधते."

"महिन्यातून एकदा?" कोंगनं विचारलं.

"चुकत नाही. मी इथं लागलो तेव्हापासून. पंचवीस वर्षं तरी."

कोंग खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग जी गोष्ट त्यानं सिउ-लानला दुकानात सांगितली नव्हती ती सगळ्यांसमोर सांगितली. आई बाळंतपणात गेली. मुलगी जगली. घरात दूध नव्हतं, पाळणारं कोणी नव्हतं. आईबरोबर मळ्यात रबराचा चीक काढणारी एक तमिळ बाई होती, तिचं मूल अंगावर पीत होतं. आईनं मरताना सांगितलं, हिला तिच्याकडे द्या. दिली. मग घरात त्याबद्दल कोणी बोललं नाही.

"म्हणजे आई उपाशी नव्हती," तो म्हणाला. मग पुन्हा, "उपाशी नव्हती." त्यानं केवढा श्वास सोडला. मी खूप माणसांना श्वास धरताना पाहिलंय. सोडताना पाहिलं ते त्या दिवशी.

आता शेवटचं सांगायच्या आधी माझं थोडं सांगून टाकतो, कारण नंतर सांगण्यासारखं राहणार नाही. मी सध्या दुकानात पुढच्या बाजूला असतो, दाराजवळ. डोक्यावर फॅन नाही. भिंतीवर ती टेकडी लावलीय, सव्वादोन मीटर लांब, आणि माणसं येऊन बोट ठेवून बघतात. कोंगनं कचेरीत वोंग बाईचंही नाव दिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू असं कारकुनानं विचारलं तर म्हणाला, "ओळखीची लिहा." माझ्या चिरलेल्या पायावर आता तारेऐवजी पितळी पट्टी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी पंखा घेऊन कोपऱ्यात उभं असेल तर एक करा. वर्षातून एकदा त्याचे स्क्रू सैल करून तेल द्या. फार नाही मागत. कामाला लावा असंही म्हणत नाही. कोणाला तरी अजून ठाऊक आहे की हे कशाचं आहे, एवढं त्याला कळलं तरी पुरतं.

तर, कचेरीत द्यायला थडग्याचा जवळून फोटो हवा होता. हॉलमधल्या त्या दिवसानंतर, मुदतीच्या आदल्या दिवशी, सिउ-लान मला खांद्यावर घेऊन टेकडी चढली. मागून कोंग, काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत. पाक दाउदनं मळ्यात निरोप दिला होता. आम्ही पोचलो तेव्हा ती आधीच तिथं होती.

साडी नेसलेली, पांढरे केस मागं बांधलेले, हातात टोपली. चेहरा बघितला आणि सिउ-लाननं कोंगकडे बघितलं. तेच कपाळ, तेच कान.

"या अण्णे," ती म्हणाली. मलयमध्ये, पण हाक तमिळ, अण्णे म्हणजे दादा. "ऐकलं की अडतीस वर्षं दुसऱ्या बाईला जेवू घालत होतात."

"हो."

"काय घालायचात?"

"भात. उकडलेली कोंबडी. संत्री."

"इथं आम्ही डोसा घातला. पोंगलला गोड भात. माझी तमिळ आई म्हणायची, आवडत असेल का हिला? मी म्हणायची, न आवडून जाते कुठं."

कोंग हसला. हसताना त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"मला वाटलं, मुलगे विसरले," ती म्हणाली. "राग होता माझा. थोरला यायचा, मग तोही बंद झाला. कचेरीत मी गेले होते. म्हणाले, नाव पाकियम, आणि ही चिनी बाई तुझी कोण? कागद आण. कागद कुठला आणू? मला दूध देऊन वाढवलं त्याचा कागद कुणी केला होता का?"

कोंगनं खिशातून अर्ज काढला. नीट घडी केलेला, सिउ-लाननं भरून दिलेला. "इथं दोन ओळी आहेत," तो म्हणाला. "मुलगा आणि मुलगी. मला लिहिता येत नाही, फक्त सही येते. लायसन्ससाठी शिकलो होतो. माझी केलीय. खाली तुझी."

तिनं अर्ज दगडावर ठेवला आणि तमिळमध्ये नाव लिहिलं. सावकाश, अक्षर अक्षर. सिउ-लाननं माझे पाय गवतात रोवले आणि फोटो काढला. हळद पुसू का असं तिनं विचारलं होतं. कोंग म्हणाला, राहू दे, तिच्या अंगावरचं आहे.

मग पाकियमनं टोपलीतला गजरा काढून दगडावर चढवला, जुना काढून घेतला. थडग्याची उजवी बाजू कापलेली होती. डावीकडे थोडं गवत पुन्हा वाढलं होतं. तिनं टोपलीतून कोयता काढला, धार अंगठ्यानं पाहिली, आणि मूठ पुढे करून तो कोंगच्या हातात दिला. "डावी बाजू तुमची," ती म्हणाली. त्यानं घेतला. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हळूहळू खाली बसला.

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग टोपली कमरेवर घेतली आणि उतारानं खाली चालू लागली.